लाकडाची शेगडी: न्यू हॅम्पशायरमध्ये नव्याने घर घेतलेल्यांसाठी

११ डिसेंबर २००८च्या रात्री न्यू हॅम्पशायरमध्ये पाऊस पडता पडता झाडांवर आणि तारांवर गोठत गेला. सकाळपर्यंत राज्यातल्या चार लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली होती. काही गावांत ती परत यायला दोन आठवडे लागले. आमच्या तळघरात तेलाची टाकी काठोकाठ भरलेली, पण बॉयलरचा बर्नर आणि पंप दोन्ही विजेवर चालणारे. तेल असून घर गार. तिसऱ्या रात्री समोरच्या आजींनी आम्हाला त्यांच्याकडे झोपायला बोलावलं. त्यांच्या बैठकीत ओतीव लोखंडाची शेगडी होती, आणि तिच्यावर पातेलं ठेवून मी त्या रात्री सगळ्यांसाठी मुगाची खिचडी केली.

पुढच्या वर्षी आम्हीही शेगडी बसवली. इकडे नवीन घर घेतलेली मराठी कुटुंबं हल्ली विचारतात, ‘घरात जुनी शेगडी आहे, पेटवू का?’ किंवा ‘नवी बसवायची तर सुरुवात कुठून करू?’ त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवातीला एक गोष्ट समजून घ्या, पुढचं सगळं तिच्यातूनच येतं. लाकूड तापलं की त्यातून वायू निघतात आणि लाकडातली निम्म्याहून जास्त उष्णता त्या वायूंमध्ये असते. ते पूर्ण जळायला पुरेशी हवा लागते आणि साधारण ११०० अंश फॅरेनहाइट, म्हणजे सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. लाकूड ओलं असलं किंवा आपण हवा कोंडली, की हे वायू न जळताच वर जातात. त्यालाच आपण धूर म्हणतो. आपण पैसे देऊन आणलेली ऊब अशी छपरावरून निघून जाते आणि जाताना धुराड्याच्या आत डांबरासारखा चिकट थर सोडते. इकडे त्याला क्रिओसोट म्हणतात. हा थर पेट घेतो. गावाकडे चूल धुमसायला लागली की आजी फुंकणी उचलायची, तीसुद्धा याच कारणासाठी.

आधी सरपण, मग शेगडी

बहुतेक जण आधी शेगडी पाहायला दुकानात जातात. माझा सल्ला उलटा आहे. शेगडीचा विचार मनात आला, की त्याच महिन्यात लाकूड मागवा आणि मागच्या अंगणात रचून ठेवा. शेगडी चार दिवसांत बसते, लाकूड वाळायला वर्ष लागतं.

पहिल्या वर्षी आम्ही ऑक्टोबरमध्ये ‘सीझन्ड’, म्हणजे वाळवलेलं, म्हणून विकलेलं लाकूड घेतलं. जाळात टाकलं की टोकांतून फेस यायचा आणि सूं सूं आवाज व्हायचा. काच दोन दिवसांत काळी व्हायची. आम्हाला वाटलं शेगडीतच दोष आहे. वसंतात धुराडं साफ करणाऱ्याने एक बादली भरून काळे चकचकीत पापुद्रे बाहेर काढले आणि शांतपणे सांगितलं, ‘शेगडी उत्तम आहे, लाकूड ओलं आहे.’

तेव्हापासून विकणाऱ्याच्या शब्दावर मी लाकूड घेत नाही. ओलावा मोजायचं दोन टोकांचं मीटर हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतं. मात्र लाकडाच्या बाहेरच्या बाजूला टोचून काही कळत नाही. एक तुकडा मधोमध फोडा आणि नुकत्याच उघड्या पडलेल्या बाजूवर, रेषांच्या दिशेने दोन्ही टोकं रुतवा. २० टक्क्यांच्या खाली आकडा आला तर लाकूड जाळण्याजोगं आहे. मीटर हाताशी नसेल तर दोन तुकडे एकमेकांवर आपटा. वाळलेलं लाकूड खणखणीत वाजतं, ओल्याचा आवाज बद्द येतो. ही परीक्षा माझ्या आईने दाखवली. सांगलीच्या घरी पहाटे उठून तांब्याचा बंब पेटवण्यात तिची तीस वर्षं गेली होती, तिला मीटर लागलं नाही.

लाकूड इथे ‘कॉर्ड’वर विकतात. एक कॉर्ड म्हणजे ४ फूट रुंद, ४ फूट उंच, ८ फूट लांब अशी नीट रचलेली रास, १२८ घनफूट. ट्रकमधून अंगणात ओतलेला ढीग पाहून अंदाज येत नाही, म्हणून रचल्यावर मोजा आणि घेताना पावतीवर किती कॉर्ड ते लिहून घ्या. हिशेबासाठी सांगते: वाळलेल्या ओकच्या एका कॉर्डमध्ये सुमारे २.४ कोटी बीटीयू (उष्णता मोजायचं इथलं एकक) उष्णता असते. चांगल्या शेगडीत त्यातली तीन चतुर्थांश घराला मिळाली, तर जवळपास १५० गॅलन तेलाचं काम होतं. तेलाच्या आजच्या दराने गुणा आणि लाकडाच्या भावाशी ताडून पाहा.

झाडांमध्येही फरक आहे. रेड ओकचा निखारा रात्रभर टिकतो, पण ते वाळायला दोन उन्हाळे घेतं. शुगर मेपल आणि बीच उत्तम, फोडून रचले तर साधारण वर्षभरात तयार होतात. अ‍ॅशमध्ये मुळातच पाणी कमी, म्हणून उशिरा जागे झालेल्यांना ते तारतं. पांढऱ्या सालीचं बर्च न फोडता ठेवलं तर सालीच्या आत कुजतं, तेव्हा ते आल्या आल्या फोडा. पाइनला इथले जुने लोक नाकं मुरडतात. पूर्ण वाळलेलं पाइन जाळायला हरकत नाही, फक्त ते लवकर संपतं. मी ते पेटवणीसाठी आणि ऑक्टोबरच्या थोड्याशा गारव्यात वापरते.

रचताना खाली लाकडी पॅलेट टाका, म्हणजे जमिनीची ओल वर चढत नाही. चळत एकेरी ठेवा, वारा आरपार जाईल आणि ऊन पडेल अशा जागी. फक्त माथ्यावर पत्रा किंवा ताडपत्री घाला. चारी बाजूंनी गुंडाळलेलं लाकूड आत घाम धरतं आणि त्याला बुरशी येते. चळत घराच्या भिंतीला टेकवू नका, वाळवी आणि उंदरांना वाट मिळते. आणखी एक, लाकूड जवळपासच्या जंगलातलंच घ्या. अ‍ॅशची झाडं मारणारा एमराल्ड अ‍ॅश बोरर हा किडा २०१३मध्ये राज्याच्या राजधानीत, काँकर्डला सापडला. तो सरपणाबरोबर दूरवर पोचतो, म्हणून बाहेरच्या राज्यातून प्रक्रिया न केलेलं जळाऊ लाकूड इकडे आणायला बंदी आहे. सुट्टीवरून परतताना गाडीत दोन मोळ्या टाकून आणू नका.

कोणती शेगडी, आणि कुठे

घराबरोबर जुनी शेगडी आली असेल तर तिच्या पाठीमागची धातूची पाटी वाचा. त्यावर चाचणी घेणाऱ्या प्रयोगशाळेचं नाव आणि भिंतीपासून ठेवायची अंतरं लिहिलेली असतात. पाटीच नसेल तर ती शेगडी जळू शकणाऱ्या कोणत्याही वस्तूपासून ३६ इंच दूर हवी. चाळीस वर्षांपूर्वीच्या शेगड्या दिसायला भक्कम असतात, पण त्यांत वायू जाळण्याची सोय नसते, त्यामुळे लाकूड खूप खातात.

नवी घेताना पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या, २०२०च्या निकषांत बसणारी घ्या. त्या निकषाप्रमाणे शेगडीतून तासाला २ ग्रॅमहून जास्त धुराचे सूक्ष्म कण बाहेर पडता कामा नयेत. खऱ्या सरपणावर चाचणी घेतली असेल तर ही मर्यादा २.५ ग्रॅम आहे. १९८८च्या नियमांत साध्या शेगडीला ७.५ ग्रॅमपर्यंत मुभा होती, यावरून फरक लक्षात येईल. नव्या शेगड्या दोन प्रकारच्या. एकीत वरच्या नळ्यांमधून गरम हवा सोडून वायू जाळतात. दुसरीत जाळीदार कॅटॅलिस्ट, म्हणजे उत्प्रेरक, असतो, तो कमी तापमानालाही वायू जाळतो. दुसरी मंद आचेवर जास्त वेळ चालते, पण तिच्यातली धुराची वाट बदलणारी झडप वेळेवर उघडायची-मिटायची सवय लागते आणि काही वर्षांनी कॅटॅलिस्ट बदलावा लागतो. घरात पहिल्यांदाच शेगडी येत असेल तर मी नळ्यांची सुचवेन.

मोठी शेगडी घेण्याचा मोह टाळा. गरजेपेक्षा मोठी घेतली की खोली भट्टी होते, मग माणूस हवा कोंडतो, मग धूर आणि क्रिओसोट.

जागा शक्यतो घराच्या मध्याजवळ निवडा, जिथे तुम्ही खरोखर बसता. तळघरात ठेवली तर बरीच ऊब दगडी भिंतीच पितात. धुराडं घराच्या आतून सरळ वर गेलेलं सगळ्यांत चांगलं, कारण ते गरम राहतं आणि गरम धुराडंच धूर खेचतं. बाहेरच्या भिंतीला लागून चढवलेलं धुराडं जानेवारीत थंडगार पडतं आणि पेटवताना धूर खोलीत परत ढकलतं.

बसवणं

हे काम परवानाधारक माणसाकडून करून घ्या, असंच मी म्हणेन. तरी काय व्हायला हवं हे तुम्हाला ठाऊक असलं पाहिजे, म्हणजे नीट प्रश्न विचारता येतात.

आधी गावच्या फायर डिपार्टमेंटला किंवा बिल्डिंग इन्स्पेक्टरला फोन करून परवाना आणि तपासणीची पद्धत विचारा. त्याच दिवशी घराच्या विमा कंपनीला कळवा. न कळवता बसवलेल्या शेगडीने आग लागली तर भरपाईचं भांडण तुमच्या पदरात पडतं.

शेगडीखाली न जळणारा ओटा हवा. तो दाराच्या बाजूने किमान १६ इंच आणि इतर बाजूंनी ८ इंच पुढे असावा. शेगडीच्या पुस्तिकेत जास्त सांगितलं असेल तर पुस्तिकेचं ऐका. एकेरी पत्र्याचा काळा पाइप भिंतीपासून १८ इंच लांब लागतो. दुहेरी पत्र्याचा असेल तर बहुधा ६ इंच पुरतात. एकेरी पाइप कधीही छतातून किंवा भिंतीतून न्यायचा नाही. तिथून पुढे उच्च तापमानाला टिकणारं इन्सुलेटेड धुराडंच हवं.

पाइपच्या जोडाकडे स्वतः वाकून पाहा. चुणीदार टोक खाली, शेगडीच्या दिशेने असायला हवं. उलटं वाटतं, पण कारण सोपं आहे: आत ओघळलेला चीक पाइपच्या बाहेर न गळता परत शेगडीत जातो. प्रत्येक जोडाला तीन स्क्रू. आडवा भाग असेलच तर तो थोडका, आणि धुराड्याकडे दर फुटाला पाव इंच चढता. काटकोनी वळणं दोनपेक्षा जास्त नकोत.

धुराड्याचं टोक छपरातून जिथे बाहेर येतं तिथून किमान ३ फूट वर हवं, आणि १० फुटांच्या आतल्या छपराच्या कोणत्याही भागापेक्षा २ फूट उंच. शेगडीपासून टोकापर्यंत एकूण उंची १५ फुटांच्या आसपास असली की ओढ चांगली मिळते. घरात जुनं विटांचं फायरप्लेस असेल तर त्यात स्टेनलेस स्टीलची नळी शेगडीपासून थेट माथ्यापर्यंत घाला. रुंद, थंड विटांच्या पोकळीत धूर रेंगाळतो. तेलाच्या बॉयलरच्या धुराड्यात शेगडीचा पाइप जोडू नका, कुणी ‘चालतं’ म्हणालं तरी.

प्रत्येक मजल्यावर धूर आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्हींचे अलार्म लावा. मगच काडी ओढायची.

पहिला जाळ

नव्या शेगडीचा रंग पहिल्या दोन-तीन जाळांत पक्का होतो आणि तेव्हा उग्र वास येतो. खिडक्या उघड्या ठेवता येतील असा दिवस निवडा, जाळ लहान ठेवा आणि मध्ये पूर्ण गार होऊ द्या. पहिल्याच दिवशी तडाखेबंद जाळ केला तर ओतीव लोखंडाला तडा जाऊ शकतो.

पेटवायची रीत मात्र चुलीपेक्षा उलटी आहे, आणि आईला ती पटायला एक आख्खा हिवाळा लागला. चुलीत आपण खाली ढलप्या ठेवून वर जाड लाकूड लावतो. इथे सगळ्यांत खाली दोन-तीन जाड तुकडे ठेवायचे, मधे बोटभर फट ठेवून. त्यावर मनगटाएवढी लाकडं, त्यावर काटक्या आणि ढलप्या आडव्या-उभ्या, आणि सगळ्यांत वर वर्तमानपत्राच्या चार-पाच गाठी. हवेची कळ, म्हणजे आत येणारी हवा कमी-जास्त करणारा दांडा, पूर्ण उघडा, वरून पेटवा आणि दार लावून घ्या. जाळ वरून खाली उतरत जातो. खालून निघणारे वायू वरच्या ज्वाळेतून जातात आणि तिथेच जळतात, शिवाय धुराडं लगेच तापतं. छपरावर धूर जेमतेम दिसतो.

कडाक्याच्या थंडीत धुराड्यातली गार हवा खाली बसलेली असते. पेटवण्याआधी दार किंचित उघडून हात लावून पाहा. गार झोत येत असेल तर कागदाची एक गुंडाळी पेटवून पाइपच्या तोंडाशी धरा, हवा वर वळली की बाकीचं पेटवा.

रोजची राखण

एकेरी पाइपवर, शेगडीपासून दीड फूट उंचीवर, चुंबकाचा थर्मामीटर चिकटवा. पाइपच्या पृष्ठभागावर साधारण २५० ते ४७५ अंश फॅरेनहाइट ही बरी पट्टी. त्याखाली सतत राहिलं तर क्रिओसोट साचतं, वर गेलं तर ऊब धुराड्यातून वाया जाते आणि पत्राही तापतो.

लाकूड घालायची वेळ झाली, म्हणजे ज्वाळा निवल्या आणि निखारे उरले, की आधी हवा उघडा. मिनिटभराने दार हळूच फटीएवढं उघडून थांबा, मग पूर्ण. लोखंडी सळईने निखारे पुढे, दाराजवळ ओढा, कारण हवा तिथून येते. नवं लाकूड त्यांच्या मागे ठेवा. एकच ओंडका टाकू नका, तो एकटा धुमसतो. दोन-तीन तुकडे एकमेकांना धरून जळतात. कडा काळ्या होऊन जाळ भरभरून उठेपर्यंत, दहा-पंधरा मिनिटं, हवा उघडीच राहू द्या. त्यानंतर कळ टप्प्याटप्प्याने कमी करा आणि प्रत्येक वेळी काचेतून पाहा. ज्वाळा जिवंत, हलत्या हव्यात. त्या मलूल झाल्या तर कळ थोडी मागे घ्या.

आता कोट चढवून बाहेर या आणि धुराड्याकडे पाहा. पेटून वीस मिनिटं झाल्यावर तिथे फक्त हवा थरथरताना दिसायला हवी, फार तर थंडीतली पांढरी वाफ, जी लगेच विरते. निळसर-करडा धूर लांबवर तरंगत असेल तर आत काहीतरी चुकतं आहे. मी आजही रोज एकदा बाहेर जाऊन पाहते. शेजाऱ्यांच्या घरात दम्याचा मुलगा आहे.

रात्री झोपताना शेगडी गच्च भरून हवा बंद करायची सवय इथे पुष्कळांना आहे. ती मोडा. झोपण्याआधी तासभर जाड ओकचे तुकडे घाला, नीट पेटू द्या, मग जाळ टिकेल इतपतच हवा कमी करा. पहाटे राखेखाली निखारे असतात, त्यांवर दोन मुठी ढलप्या टाकल्या की पुन्हा पेटतं.

रंगवलेलं किंवा औषध मारलेलं लाकूड, प्लायवुड, प्लास्टिक, मिठाईची चकचकीत खोकी, समुद्रावरचं वाहून आलेलं लाकूड यांतलं काहीही शेगडीत जाता कामा नये. समुद्राच्या लाकडातलं मीठ धातू खातं.

शेगडीसमोर वावरताना पदर आणि ओढणी खोचून घ्या. इकडचे फ्लीसचे स्वेटरही ठिणगीने वितळतात. रांगतं मूल असेल तर भिंतीला पक्कं केलेलं कुंपण लावा, ‘लक्ष ठेवू’ म्हणून भागत नाही.

फोडणी आणि धूर

ही अडचण खास आपल्या घरांतली. एका संध्याकाळी मी फोडणीसाठी तेल तापवलं, चुलीवरचा पंखा पूर्ण जोरात लावला, आणि पाच मिनिटांत बैठकीत धूर. पंखा घरातली हवा बाहेर फेकत होता. नवी घरं इतकी घट्ट असतात की ती हवा भरून काढायला धुराड्यातूनच उलटी ओढ लागली. धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइडही येतो आणि त्याला वास नसतो.

उपाय दोन. बसवतानाच शेगडीला बाहेरून हवा आणणारी वेगळी नळी जोडता येते का ते विचारा. आणि पंखा लावायचा असेल तेव्हा त्याच मजल्यावरची स्वयंपाकघराजवळची खिडकी दोन बोटं उघडा. वरच्या मजल्यावरची उघडू नका, गरम हवा तिथून निसटते आणि खालची ओढ आणखी बिघडते. आमच्याकडे मोठी फोडणी आता शेगडी पेटवण्याआधी होते.

राख, काच, धुराडं

काच काळी झाली तर वर्तमानपत्राचा बोळा ओला करून तो बारीक राखेत बुडवा आणि गार काचेवर घासा. रोजच काळी होत असेल तर पुन्हा लाकडाचा ओलावा मोजा. दाराची दोरीची किनार सैल झाली का ते पाहायला एक डॉलरची नोट दारात अडकवून ओढा. सहज निघाली तर किनार बदलायची वेळ झाली.

राख पूर्ण काढू नका, तळाशी इंचभर राहू द्या, निखारे त्यात टिकतात. काढलेली राख घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यातच भरा आणि डबा घराबाहेर, लाकडी डेकपासून दूर, मातीवर किंवा दगडावर ठेवा. राखेत गाडलेला निखारा तीन-चार दिवस जिवंत राहू शकतो. कागदी पिशवीत किंवा प्लास्टिकच्या बादलीत भरलेल्या राखेने इथे घरं जळली आहेत. पूर्ण थंड झालेली राख भाजीच्या वाफ्यात थोडी चालते, पण ती अल्कधर्मी असते. ब्लूबेरीच्या झुडपांना आम्लधर्मी माती लागते, तिथे टाकू नका.

धुराड्यातून कधी आगगाडी गेल्यासारखा घरघराट आला, पाइप लाल दिसू लागला, तर आत पेटलं आहे असं समजा. हवा बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा, ९११ला फोन करा. पाणी ओतू नका. आग आपोआप विझली तरी तपासणी होईपर्यंत शेगडी पेटवायची नाही.

वर्षातून एकदा धुराडं तपासून घ्यायचंच. आतला थर पाव इंचाच्या निम्मा झाला की साफ करणं आलं. माणूस सप्टेंबरमध्ये मिळत नाही, सगळ्यांना तेव्हाच आठवतं. एप्रिल-मेमध्ये बोलवा. तोच आठवडा पुढच्या हिवाळ्याचं लाकूड मागवायचा, आणि ओक असेल तर त्याच्याही पुढच्या.